चार नंबरचा चेहरा

"मावशी, ही बघ, चार नंबर," ती मुलगी म्हणाली, आणि लिफ्टचं दार लागलं.

लिफ्टमध्ये तिघीच होत्या. सहा-सात वर्षांची ती मुलगी, उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये; तिला एक्स-रे काढून परत वॉर्डात नेणारी मावशी; आणि धाकटी. धाकटी वयानं म्हणाल तर सत्तेचाळीसची होती. ऑफिसात तिला आकडेबाई म्हणत आणि घरी धाकटी, आणि घरचं नाव जास्त मुरलेलं असतं म्हणून आपणही धाकटीच म्हणू. मावशीनं मुलीला हळूच ढोसलं. "गप गं. मोठ्यांना असं बोलतात का?" मग धाकटीकडे बघून ओशाळं हसली. "लहान आहे हो, मनावर घेऊ नका." तोपर्यंत धाकटीनं खरोखरच मनावर घेतलं नव्हतं. तिच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात छत्री, काखेत फाइल, आणि डोक्यात परवाचा रिपोर्ट. पण मनावर घेऊ नका म्हटल्याबरोबर ते मनात जाऊन बसलं. दुसऱ्या मजल्यावर त्या दोघी उतरल्या. उतरता उतरता मुलीनं मान वळवून तिला पुन्हा एकदा नीट बघितलं आणि आपलं काही चुकलं नाही अशा खात्रीनं मान हलवली. मग लिफ्ट वर निघाली, स्ट्रेचर मावेल एवढी रुंद आणि कुणाचीच घाई नसल्यासारखी सावकाश. समोरच्या स्टीलच्या पत्र्यात धाकटीला आपला चेहरा दिसत होता, पण लांबुडका आणि पुसट. तोंड हसरं आहे की पडलेलं, ते काही कळेना.

चार नंबर म्हणजे काय, हे त्या अख्ख्या हॉस्पिटलात आपल्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, असं ती त्या सकाळपर्यंत समजत होती. मुलांच्या हाडांच्या वॉर्डात प्रत्येक पलंगाला दोरीनं एक कार्ड बांधलेलं असतं आणि कार्डावर ओळीनं सहा गोल चेहरे असतात. पहिला खुशीत, दुसरा जरा कमी, असं करत करत सहावा ढसाढसा रडणारा. दिवसातून तीनदा सिस्टर येते आणि विचारते, "आत्ता कुठला चेहरा?" मूल बोट ठेवतं, सिस्टर आकडा लिहून घेते. एक म्हणजे अजिबात दुखत नाही, सहा म्हणजे सहन होत नाही. चार म्हणजे बरंच दुखतंय. सहा आठवड्यांचे असे तीन हजार आठशे बारा आकडे पाचव्या मजल्यावर धाकटीच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन पडले होते, आणि गेले तीन आठवडे ती त्यांच्याबरोबर उठत-बसत होती. आणि आता कुणीतरी तिच्याकडे बघून तिला त्याच आकड्यांतला एक लावून टाकला होता. बरंच दुखतंय. काय दुखतंय? खुर्चीत बसून तिनं आपली चौकशी केली. गुडघा ठीक होता, दात ठीक होते, पाठ नेहमीइतकीच कुरकुरत होती. तिनं डबा खणात ठेवला, छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि उगाचच तोंडाचे कोपरे जरा वर ओढून बघितले. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट म्हणाला, "मॅडम, दात दुखतोय का?" ती म्हणाली, "नाही हो, हसतेय." तो बिचारा पुन्हा टायपिंगकडे वळला.

परवाच्या रिपोर्टवर एक गोष्ट ठरायची होती. हाडांचे वॉर्ड दोन. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरनं आपल्या हिकमतीनं एक पद्धत पाडली होती. प्रत्येक पलंगाशेजारी एक बुटकं स्टूल. मुलानं एक, दोन किंवा तीन दाखवला तर सिस्टर पुढे जायची. पाच-सहा दाखवला तर इंजेक्शन. आणि चार दाखवला तर औषधाला हात न लावता आधी त्या स्टुलावर दहा मिनिटं बसायचं, मुलाचा हात हातात घ्यायचा, आणि मग पुन्हा विचारायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात स्टुलं नव्हती. तिथं चार म्हटलं की एक चमचा कडू औषध. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: बसण्यानं मुलांचं दुखणं कमी होत असेल तर दोन्हीकडे स्टुलं ठेवू, होत नसेल तर सिस्टरांची दहा-दहा मिनिटं फुकट कशाला घालवायची, एक तारखेपासून स्टुलं उचलू. आकडेबाई सांगतील तसं. आणि आकडेबाईंनी गेल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं की कमी तर होत नाहीच, उलट स्टुलांच्या वॉर्डात दुखणं थोडं जास्तच दिसतंय. "जास्त?" डॉक्टरांना नवल वाटलं होतं. "हो, तिथं चार फार येतात," ती म्हणाली होती. फोन ठेवताना तिला वाईटही वाटलं होतं, पण ते बेताचं, तुटलेली बांगडी कचऱ्यात टाकताना वाटतं तेवढं.

धाकटीच्या कामात आकडे दोन तऱ्हेचे असतात, आणि पहिलं काम ते ओळखण्याचं. एक, नुसतं नाव म्हणून लावलेले. बसचा नंबर घ्या. बारा नंबरची बस सात नंबरच्या बसपेक्षा मोठी नसते, पुढे नसते, शहाणी नसते; ती फक्त दुसरीकडे जाते. याला नॉमिनल म्हणायचं. दुसरे, क्रमाचे: शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा. त्यांच्यातलं अंतर सारखं असेल असं नाही, पण वर कोण आणि खाली कोण हे पक्कं. ते ऑर्डिनल. कुठल्या आकड्याला काय मानायचं हे कॉम्प्युटर सांगत नाही. त्याला काय, बसच्या नंबरांची सरासरी काढ म्हटलं तरी निमूट काढून देतो. ते माणसानं आधी ठरवायचं, आणि एकदा ठरवलं की पुढचं सगळं गणित त्याच वळणानं जातं. मागे एका नवशिक्यानं अविवाहित एक, विवाहित दोन, घटस्फोटित तीन असे आकडे घेऊन 'पेशंट सरासरी एक पूर्णांक आठ विवाहित आहेत' असं लिहून आणलं होतं. धाकटी पोट धरून हसली होती. त्यात आपण तीन, म्हणजे सगळ्यात जास्त विवाहित, हे तिच्या हसून झाल्यावर लक्षात आलं, आणि मग ती आणखी हसली. दुखण्याच्या चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र ठरवण्यासारखं काही नव्हतंच. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत ओळीनं काढलेले चेहरे, क्रम उघडच. तिनं डोळे मिटून ऑर्डिनल धरले होते.

क्रमाची तिला आवडच होती, खरं सांगायचं तर. ती वाढलीच क्रमात. घरात दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. नाव घेऊन कुणी हाक मारलेली तिला आठवतच नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आई दर वाढदिवसाला दोघींची उंची पेन्सिलीनं मांडायची, आणि थोरलीची रेघ कायम वर. परीक्षेत थोरली पहिली, पोहण्यात थोरली पहिली, पाहुण्यांसमोर थोरली आधी. "धाकटीही येते हो मागोमाग," आई पाहुण्यांना सांगायची, अगदी प्रेमानं. ऐकणाऱ्याला वाटेल की धाकटीला याचा राग असेल. तसं नव्हतं. मागोमाग ही एक जागा असते. आपण कुठे आहोत ते माहीत असतं, आणि पुढे कुणीतरी आहे हेही माहीत असतं. राग असलाच तर इतकाच, की मोठेपणी ओळ मोडली. थोरली शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलांना पोहायला शिकवायची, धाकटी या टोकाला आकडे मांडायची, आणि दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, तलावाची शेवटची तुकडी गेली की, थोरलीचा फोन यायचा. कशी आहेस? बरी. तू? बरी. गुडघा? बरा. तीन मिनिटं. धाकटीचं लग्न मोडलं त्याही आठवड्यात फोन आला होता आणि त्याही आठवड्यात ती बरी होती. त्यालाही आठ वर्षं झाली. आज मंगळवारच होता.

तिनं फाइल उघडली आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानावर आली. शेवटचं पान म्हणजे काय गाळलं आणि का गाळलं याची यादी. ती नेहमी प्रामाणिकपणे लिहायची. तिथं तिच्याच अक्षरात होतं: 'नाडीचे आकडे अविश्वसनीय, गाळावेत.' चेहरा विचारताना सिस्टर मुलाची नाडीही बघायच्या, आणि तोही आकडा कागदावर असायचा. अविश्वसनीय का, हे तिला आठवेना. लिफ्टमधली ती मुलगी मान हलवून गेली नसती तर तिनं आठवायचा प्रयत्नही केला नसता. तिनं गाळलेला रकाना पुन्हा उघडला आणि स्टुलांच्या वॉर्डातली चेहऱ्यागणिक नाडी मांडून बघितली. एकला शहाऐंशी, दोनला अठ्ठ्याऐंशी, तीनला त्र्याण्णव. पाचला एकशे चार, सहाला एकशे बारा. मधल्या चारला सत्त्याऐंशी. हो, आता आठवलं. म्हणूनच गाळला होता. बरंच दुखणाऱ्या मुलाची नाडी इतकी निवांत चालेलच कशी, सिस्टर मोजताना चुकत असणार, असं म्हणून ती मोकळी झाली होती. आता तिनं तिसऱ्या मजल्यावरचा, बिनस्टुलांचा वॉर्ड मांडला. तिथं चारची नाडी अठ्ठ्याण्णव, तीन आणि पाचच्या बरोबर मध्ये, शहाण्यासारखी ओळीत उभी. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या सिस्टर बाकी सगळ्या चेहऱ्यांना नाडी बरोबर मोजतात आणि फक्त चारलाच चुकतात? तिच्या मानेवरून काहीतरी सुळकन गेलं. भीती होती का आनंद, ते तिला लगेच कळलं नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, घातला. सत्त्याऐंशी होते ते सत्त्याऐंशीच राहिले. ती उठली. चार वर्षांत आकडे वर यायचे, ती कधी खाली गेली नव्हती.

वॉर्डात दुपारचं ऊन पलंगांच्या पायांपर्यंत आलं होतं. ओल्या प्लास्टरचा आणि साबणाचा वास होता, आणि सोळा पलंगांशेजारी सोळा स्टुलं, बालवाडीतल्या मुलांसारखी. मोठी सिस्टर चादरी मोजत होती. ठेंगणी, रुंद, पांढऱ्या केसांची, आणि मोजताना कुणाकडे बघायचं नाही अशी. चादरी संपल्यावर तिनं धाकटीकडे बघितलं. "तुम्हीच ना त्या, आमची स्टुलं उचलणाऱ्या?"

"अजून उचलली नाहीत," धाकटी म्हणाली. "मला एक विचारायचं होतं. नाडी मोजताना तुम्ही–"

"बत्तीस वर्षं मोजतेय नाडी."

"तसं नाही म्हणत मी. चारला ती कमी का येते?"

"कमी येते?" मोठ्या सिस्टरनं चादर खाली ठेवली. "तरीच. चार म्हणणारं मूल हातात हात घेतला की लगेच शांत होतं हो. दहा मिनिटांनी विचारलं तर दोन म्हणतं. नेमानं. सगळ्या म्हणतात माझा हात गुणाचा आहे." हे सांगताना ती जराशी लाजली, आणि तिनं तो हात एप्रनला पुसला.

पण नाडी तर हात धरण्याआधीची होती. कागदावर पहिलं उत्तर आणि पहिली नाडी जायची, दहा मिनिटांनंतरचं काही लिहायचंच नव्हतं. धाकटी हे सांगायला तोंड उघडणार, तोच सात नंबरच्या पलंगावरून हाक आली. "चार नंबर आली!" सकाळचीच ती. डाव्या हातानं पलंगावर थापटून ती धाकटीला बोलवत होती. धाकटी गेली आणि स्टुलाकडे बघत उभी राहिली. इतक्या बुटक्या वस्तूवर सत्तेचाळिसाव्या वर्षी बसायचं म्हणजे परत उठायचा बेतही आधी करून ठेवावा लागतो. मग बसली. गुडघे हनुवटीला टेकायला आले, आणि मुलीचा चेहरा एकदम तिच्या चेहऱ्यासमोर, अगदी बरोबरीनं आला.

"तू मला चार नंबर का म्हणतेस?" तिनं विचारलं. "मला बरंच दुखतंय असं दिसतं का?"

मुलीनं तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "दुखत नाही काही. चार म्हणजे बस."

"बस म्हणजे?"

"म्हणजे बस ना इथे." तिनं स्टुलाकडे बोट दाखवलं. मग हे बाईंना नीट शिकवावं लागणार असं दिसल्यावर तिनं प्लास्टरचा हात उशीवर सरळ ठेवला. "एक, दोन, तीन म्हटलं की सिस्टर जाते. पाच आणि सहा म्हटलं की सुई. चार म्हटलं की बसते. मला पाच नंबरच्या पलंगावरच्या दादानं पहिल्या दिवशीच सांगितलं. तो घरी गेला आता. मी आठ नंबरला सांगितलं." आठ नंबरच्या पलंगावर पाय टांगून निजलेल्या मुलानं साक्षीदारासारखी मान हलवली. "आणि दहा मिनिटं झाली की दोन म्हणायचं. म्हणायलाच पाहिजे."

"का म्हणायलाच पाहिजे?"

"नाहीतर सिस्टर दुसऱ्यांकडे कशी जाणार?" मुलगी म्हणाली. "तू फारच विचारतेस. तुझा चेहरा चार नंबरचा आहे म्हणून म्हटलं. तुझ्याजवळ कुणी बसत नाही का?"

मुलीनं उत्तराची वाट बघितली नाही. तिनं धाकटीची करंगळी आपल्या मुठीत घेतली आणि खिडकीकडे बघायला लागली. मोठी सिस्टर मागे येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. आधी तिचा चेहरा उतरला. मग खांदे हलायला लागले, आणि धाकटीला वाटलं ही रडतेय की काय, पण ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बत्तीस वर्षं," ती म्हणाली. "आणि मी समजत होते माझा हात गुणाचा. आणि मेली पोरं मला दहा-दहा मिनिटांची वाटून घेत होती."

त्या स्टुलावर धाकटी पूर्ण दहा मिनिटं बसली. करायला काही नव्हतं. करंगळीला मुलीच्या मुठीची ऊब लागत होती, किंचित चिकट, कारण मुलीनं नुकतंच काहीतरी गोड खाल्लं असावं. ऊन हळूहळू चादरीवर चढत होतं. अशी पलंगाशेजारची ऊब तिला कुठून तरी माहीत होती, आणि कुठून ते आठवायला तिला खिडकीचे गज मोजावे लागले. सहा गज. तिच्याही खिडकीला सहाच होते. ती आठ वर्षांची, घोटा मोडलेला, पाय उशीवर. आणि पलंगाच्या कडेवर थोरली, अकरा वर्षांची, पोहण्याचा पोशाख घालून तयार. "किती गज?" थोरली विचारायची. "सहा." "उलटे मोज." "सहा." "आता एक डोळा मिटून मोज." त्या दिवशी थोरलीची शर्यत होती आणि थोरली गेली नाही. आई चिडली, बाबा दारात घड्याळ बघत उभे राहिले, आणि थोरली फक्त म्हणाली, "हिला एकटीला कंटाळा येईल." धाकटीला ही गोष्ट चांगली आठवत होती. पण इतकी वर्षं तिनं ती कशी आठवली होती, तर त्या वर्षी थोरलीचा नंबर आला नाही, अशी. चौकटीवरच्या रेघा, परीक्षेचे क्रमांक, चुकलेली शर्यत, सगळं एकाच ओळीत मांडलेलं. आणि त्या ओळीत पलंगाच्या कडेवर बसून राहिलेल्या मुलीला जागाच नव्हती. गाळलेला रकाना होता तो. धाकटीला इतका आनंद झाला की तिला त्या बुटक्या स्टुलावर नीट बसवेना.

"दोन," मुलगी अचानक म्हणाली आणि तिनं करंगळी सोडली. "आता तू जा. तुला काम असेल."

ती जिन्यानं वर गेली. लिफ्टची वाट बघणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली, चौथ्यावर छातीत कळ आली म्हणून घाबरली, मग ती धाव घेतल्याचीच कळ आहे हे ओळखून पुन्हा निघाली. टायपिस्टानं तिच्याकडे बघितलं आणि या वेळी काही विचारलं नाही. तिनं चेहऱ्यांचा क्रम काढून टाकला. एका शब्दाचं काम. आता ते सहा चेहरे एकमेकांच्या वर-खाली नव्हते. सहा वेगवेगळे होते, सहा बसनंबरांसारखे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र विचारता येत होतं की स्टुलामुळे तू वाढलास की घटलास. कॉम्प्युटर थोडा वेळ घरघरला. मग दिसलं. स्टुलांच्या वॉर्डात एक, दोन, तीन घटले होते, कारण ती मुलं चारला गेली होती, नुसती सोबतीसाठी. त्यांचा लोंढा एवढा मोठा की क्रमाच्या गणितात सगळा वॉर्डच वर सरकल्यासारखा दिसला होता. पण त्यात झाकलं गेलं होतं ते हे: पाच आणि सहा तिसऱ्या मजल्याच्या मानानं निम्म्यावर आले होते. खरोखर कळवळणारी मुलं निम्मी. सुया निम्म्या. नाडीचा रकाना शेजारी ठेवून बघितला, तोही हेच सांगत होता. पाच-सहाला नाडी खरीच जास्त होती, आणि अशी जास्त नाडीच मुळात कमी मुलांची होती. तिनं तीनदा तपासलं. मग खुर्चीवर मागे रेलून ती एकटीच हसली, तोंडाचे कोपरे न ओढता.

तिनं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "रिपोर्ट बदलतेय," ती म्हणाली. "स्टुलं राहू द्या. वरच्या वॉर्डातही ठेवा."

"गेल्या आठवड्यात तर तुम्ही उलटं सांगितलंत."

"चुकले मी. जिथं क्रम नव्हता तिथं क्रम धरून बसले. चार हा दुखण्याचा आकडाच नाही त्या वॉर्डात. चार म्हणजे, माझ्याजवळ बसा."

"म्हणजे मुलं खोटं बोलत होती?"

"नाही हो. आपण विचारलं किती दुखतंय, आणि त्यांनी सांगितलं काय हवंय. उत्तर अगदी खरं आहे, प्रश्न आपला तोकडा आहे. दोन प्रश्न विचारा. दुखतंय किती, त्याला ओळीनं चेहरे राहू देत. आणि हवंय काय, त्याला नुसती चित्रं, कुठलंही आधी नाही, कुठलंही नंतर नाही. एक स्टूल काढा त्यात."

"आणि सगळ्यांनी स्टूलच मागितलं तर?"

"तर दहा मिनिटांनी सोडतात ती. त्यांचा नियम आहे."

डॉक्टर हसले. "परवा हे असंच्या असं सांगा सगळ्यांसमोर. स्टुलं राहतील." मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आवाज फार खुशीत आहे आज तुमचा." धाकटीला वाटलं, सहाव्या वर्षी आपल्याला कुणी हे सांगितलं असतं तर आपण लगेच विचारलं असतं, खुशीत म्हणजे कितवा नंबर. ती निघताना दुसऱ्या मजल्यावर उतरली आणि दारातूनच मोठ्या सिस्टरला म्हणाली, "हात गुणाचाच आहे तुमचा. निम्म्या सुया वाचल्यात. लिहून देते." मोठी सिस्टर चादरी मोजत होती. तिनं मान वर केली नाही, पण ती पुन्हा एकपासून मोजायला लागली. सात नंबरची झोपली होती.

रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ होती, दुकानांचे दिवे लागत होते. धाकटी बसथांब्यावर उभी राहिली. बारा आली, सात आली, चाळीस आली, आणि प्रत्येक नंबर आला तशी ती मनातल्या मनात खूश होत होती की यांच्यात कुणी पहिलं नाही आणि कुणी शेवटचं नाही, सगळ्या आपापल्या रस्त्यानं माणसं घेऊन जातात. शेजारच्या गृहस्थांना ही बाई प्रत्येक बसकडे बघून का हसतेय ते कळेना, आणि ते दोन पावलं लांब सरकले. घरी पोचली तेव्हा साडेसहाला पाच कमी होते. घरात दोन खुर्च्या. एकीवर ती बसायची, दुसरीवर आठ वर्षांचे कागद. तिनं कागद उचलून जमिनीवर ठेवले. खुर्चीची बैठक किती स्वच्छ राहिली होती, अगदी नव्यासारखी. तेवढ्यात फोन वाजला.

"कशी आहेस?" थोरली म्हणाली. मागे पाण्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

जिभेवर 'बरी' आलेलं होतंच, आठ वर्षांच्या सवयीनं. धाकटीनं ते गिळलं. "ताई, चार नंबर," ती म्हणाली.

"काय चार नंबर?"

"म्हणजे ये. माझ्याजवळ बसायला ये."

"काय झालंय? पडलीस का? बरं नाही का?"

"काही झालं नाही. नाडी अगदी निवांत आहे. नुसती ये."

"अगं, केस ओले आहेत माझे."

"ओल्याच ये."

पाऊण तासानं थोरली आली, खांद्यावर टॉवेल, हातात शिट्टी तशीच, आणि चेहऱ्यावर एकाच वेळी काळजी आणि राग. धाकटीनं तिला रिकाम्या खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं: लिफ्ट, कार्ड, सत्त्याऐंशी नाडी, पाच नंबरच्या पलंगावरचा दादा, दहा मिनिटांचा नियम, आणि खिडकीचे सहा गज. गजांपाशी थोरली म्हणाली, "मी पाचच समजत होते." तिनं डोळे टॉवेलनं पुसले आणि केस पुसल्याचं सोंग केलं. दोघी नुसत्या बसून राहिल्या. थोरलीनं तिचा हात कधी हातात घेतला ते धाकटीला कळलं नाही. तो थंड होता आणि त्याला तलावाच्या पाण्याचा वास येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. आयुष्यभर वक्तशीर असलेल्या थोरलीनं शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"झाली दहा मिनिटं," ती म्हणाली. "सांग आता. कितवा नंबर?"

नियमानं दोन म्हणायला हवं होतं.

"चारच," धाकटी म्हणाली.